फार स्वच्छ पाणी : ठाण्यातल्या एका छोट्या समुद्री टाकीचं प्रकरण

टाकी दोन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. काठोकाठ भरली तर साधारण १२७ लिटर पाणी मावतं. खडक, वाळू आणि वर सोडलेली रिकामी जागा वजा केली की हातात उरतं १०० लिटर. ठाण्यातल्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये, ऊन येत नाही अशा भिंतीला ती सप्टेंबर २०२२ मध्ये लागली. पुढच्या एप्रिलमध्ये ती जवळजवळ हातची गेली. त्या वेळी पाण्याच्या चाचणीत एकही आकडा "वाईट" म्हणावा असा नव्हता. नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य, अमोनिया शून्य. अशा पाण्यात गोगलगायी का मेल्या, हे शोधायला मला काही आठवडे लागले. तेच इथे सविस्तर लिहिते आहे.

आधी खडकांबद्दल सांगायला हवं, कारण या प्रकरणाचं मूळ तिथे आहे. परदेशातल्या जुन्या पुस्तकी पद्धतीत समुद्री टाकी "लाइव्ह रॉक"ने सुरू होते. समुद्रातून काढलेला सच्छिद्र खडक, आणि त्यावर बसलेले जिवाणू, किडे, शैवाल, स्पंज. एका दुकानात मला तो देऊ केला गेला. "मॅडम, दक्षिणेतून येतो, एकदम ओरिजिनल," असं सांगून. मी घेतला नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून सगळी दगडी प्रवाळं, काळी प्रवाळं, समुद्रपंखे, अग्निप्रवाळ आणि ऑर्गन पाइप प्रवाळ आहेत; वाघाला जे संरक्षण, तेच त्यांना. रीफवरून फोडून आणलेल्या खडकावर यातलं काही ना काही असतंच. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, मालवणला पाण्याखाली पोवळी पाहिलेल्या माणसाला हॉलच्या शोभेसाठी कुठल्याही समुद्राचा तुकडा तोडून आणवत नाही. हाजी अलीच्या खडकांवर ओहोटीला दगडी प्रवाळ उघडं पडतं, हे मुंबईत जन्म काढलेल्या कितीतरी लोकांना माहीत नसतं. माहीत झालं की हात आखडतो.

म्हणून मी कोरडा खडक घेतला. बारा किलो, पांढराफटक, पूर्ण निर्जीव. वर ॲरागोनाइटची, म्हणजे चुनखडीसारख्या खनिजाची वाळू, तीही कोरडी. हा निर्णय मला आजही योग्य वाटतो. पण त्याची किंमत मला तेव्हा समजली नव्हती. अशा टाकीत पहिल्या दिवशी कोणीच राहत नसतं. प्रत्येक पृष्ठभाग रिकामा असतो, आणि रिकामी जागा कोण आधी बळकावतं यावर पुढचं सगळं ठरतं.

पाण्याची गोष्ट थोडक्यात. स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी चालत नाही. घरगुती यंत्रात चव यावी म्हणून टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो, तो थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळतो. आमच्या यंत्राचं पाणी ४० टीडीएसच्या आसपास येई. मी मेम्ब्रेनच्या थेट पुढे रेझिनची नळी जोडून शून्य टीडीएस पाणी काढलं, त्यात लिटरला ३७ ग्रॅमच्या हिशेबाने रीफचं मीठ घातलं आणि रिफ्रॅक्टोमीटरवर खारटपणा ३५ (हजार भागांत ३५) वर आणला. रिफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्यावर शून्य दाखवतो म्हणून ३५ ला बरोबर असेलच असं नाही. तो ३५ च्याच प्रमाणित द्रावणावर जुळवून घ्यावा. अमोनियम क्लोराइड टाकून अमोनिया २ पीपीएम (दहा लाख भागांत दोन) पर्यंत नेला, सोबत बाटलीतले जिवाणू सोडले. चौतिसाव्या दिवशी तेवढाच अमोनिया चोवीस तासांत नायट्रेटमध्ये पूर्ण उतरू लागला. सायकल झाली, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू बसले.

नोव्हेंबरात हॅचरीत जन्मलेल्या क्लाउनफिशची जोडी आली. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने हे मासे बंदिस्त पाण्यात वाढवण्याचं तंत्र आपल्याकडे बसवलं, त्यामुळे समुद्रातून पकडलेला क्लाउनफिश घेण्याचं आता काही कारण उरलेलं नाही. डिसेंबरात मऊ प्रवाळं आणली : दोन मशरूम, एक लेदर आणि झोअँथसचे दोन तुकडे. सगळी इतर छंदी मंडळींच्या टाक्यांत वाढलेली आणि कापून वाटलेली. सोबत काच आणि खडक चरायला सहा गोगलगायी.

आता माझी चूक. मी वाचलं होतं की प्रवाळांना अन्नद्रव्यं कमी असलेलं पाणी लागतं. नायट्रेट आणि फॉस्फेट वाढलं की शैवाल माजतं, प्रवाळ गुदमरतं. हे खरं आहे. पण मी "कमी" वाचलं आणि "शून्य" समजले. १०० लिटरमध्ये दोन छोटे मासे, दिवसातून एकदा चिमूटभर खाणं, फेसाबरोबर सेंद्रिय घाण बाहेर काढणारा, दिवसरात्र चालणारा प्रोटीन स्किमर, फॉस्फेट शोषून घेणारे लोहाचे दाणे आणि दर रविवारी १५ टक्के पाणीबदल. घर जसं ठेवते तशीच टाकी ठेवली होती. फेब्रुवारीच्या वहीत सलग चार आठवडे एकच नोंद आहे : नायट्रेट ०, फॉस्फेट ०.००. चारही नोंदींपुढे मी बरोबरची खूण केली आहे.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात वाळूवर तपकिरी पापुद्रा दिसला. नव्या टाकीत पहिल्या महिन्यांत डायटम नावाचं सूक्ष्म शैवाल येतंच; ते तपकिरी भुकटीसारखं पसरतं आणि पाण्यातलं सिलिकेट संपलं की आपोआप जातं. मी तेच गृहीत धरलं. वरची वाळू नळीने ओढून काढली, त्या रविवारी १५ ऐवजी ३० टक्के पाणी बदललं, खाणं अर्ध्यावर आणलं. चार दिवसांत पापुद्रा दुप्पट झाला. मी पुन्हा तेच केलं, आणखी जोरात.

एप्रिल उजाडेपर्यंत त्याचं रूप बदललं होतं. खडकांवरून शेंबडासारखे तपकिरी धागे लोंबत होते आणि प्रत्येक धाग्याच्या टोकाला हवेचा बुडबुडा. सकाळी दिवा लागण्याआधी पाहिलं तर खडक बराच स्वच्छ दिसे. दुपारी दोनपर्यंत धागे पुन्हा भरगच्च. रात्री ते जातात कुठे, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. मग गोगलगायी पडू लागल्या. काचेवरून सुटून वाळूवर उलट्या पडत, सरळ केल्या तरी हलत नसत. नऊ दिवसांत सहापैकी चार गेल्या. झोअँथसच्या एका तुकड्याची पंधराही तोंडं मिटली ती उघडलीच नाहीत. मासे मात्र ठणठणीत. खारटपणा ३५, तापमान २८, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल सोसण्याची क्षमता) ८.१. वही बघून कोणीही म्हटलं असतं की टाकी उत्तम चालली आहे.

मुलुंडला एक काका आहेत, निवृत्त, पाच वर्षं जुनी समुद्री टाकी सांभाळणारे. फोनवर सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच विचारलं, "धागे हलवले की सुटतात, आणि तासाभराने परत गोळा होतात का?" मी म्हटलं, पाहिलं नाही. त्यांनी एक साधी चाचणी सांगितली. थोडे धागे टाकीच्याच पाण्यासकट बाटलीत घ्यायचे, जोरात हलवायचे, कॉफीच्या गाळणकागदातून गाळायचे आणि खाली आलेलं स्वच्छ पाणी दिव्याखाली ठेवायचं. शैवालाचे तंतू कागदातच राहतात. माझ्या बाटलीत दीड तासाने पुन्हा तपकिरी धागा विणलेला होता. कागदातून आरपार गेलेल्या सुट्या पेशी परत एकत्र आल्या होत्या.

माझी नणंद कल्याणच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. ९ एप्रिलला, रविवारी, ती परवानगी काढून मला प्रयोगशाळेत घेऊन गेली. आधी शंभरपट, मग चारशेपट. ती काही वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "वहिनी, हे शैवाल नाही गं. हे फिरतंय. बघ तू."

मी पाहिलं. थेंबाच्या किंवा तिळाच्या आकाराच्या, सोनेरी तपकिरी पेशी. प्रत्येक पेशी आपलं टोकदार बाजूचं टोक जणू दाव्याला बांधल्यासारखं एका जागी ठेवून स्वतःभोवती फिरत होती. एका दृश्यात शेकड्यांनी. ऑस्ट्रिऑप्सिस. डायनोफ्लॅजेलेट या एकपेशी सूक्ष्मजीवांचा एक वंश. त्यातल्या काही जाती पॅलिटॉक्सिनच्या जातकुळीतलं विष बनवतात, आणि गोगलगायींनी तेच चरलं होतं. २००५ च्या उन्हाळ्यात इटलीत जेनोवाच्या किनाऱ्यावर याच वंशाचा बहर आला तेव्हा समुद्राच्या तुषारांमुळेच सुमारे दोनशे माणसांना ताप आणि श्वासाचा त्रास होऊन उपचार घ्यावे लागले. हे वाचल्यावर मी त्या दिवसापासून टाकीत हातमोजे घातल्याशिवाय हात घातला नाही, आणि धागे ओढताना खिडक्या उघड्या ठेवल्या. झोअँथस पाळणाऱ्यांनी ही सवय तशीही लावून घ्यावी; पॅलिटॉक्सिनचं नावच त्यांच्या नात्यातल्या पॅलिथोआवरून आलं आहे. झोअँथस चढलेला खडक गरम पाण्यात उकळणं किंवा कोरडा घासणं तर कधीच करू नये.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. डायनोफ्लॅजेलेट हा काही परका शत्रू नाही. प्रवाळाच्या पेशींत राहून त्याला उजेडातून अन्न करून देणारं झोओझँथेली हेही डायनोफ्लॅजेलेटच. नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास कोकणच्या किनाऱ्यावर काही रात्री लाटा निळ्या पेटतात, तो नोक्टिलुकाही याच कुळातला. माझ्या लेदर प्रवाळाला जगवणारा आणि त्याच्या मुळाशी गोगलगायी मारणारा, दोघे भाऊबंद एकाच हातभर खडकावर होते.

मग हा भाऊबंद इतका का माजला? शैवालाला, साध्या जिवाणूंना, काचेवरच्या हिरव्या थराला नायट्रेट आणि फॉस्फेट थोडं तरी लागतं. मी ते शून्यावर आणून या सगळ्यांना उपाशी मारलं. अनेक डायनोफ्लॅजेलेट (थोडक्यात डायनो) मात्र मिश्रपोषी असतात : उजेडावर जगतात, जिवाणूही गिळतात, सेंद्रिय पदार्थांतला फॉस्फरसही वापरतात. बाकीचे उपाशी असताना त्यांचं भागतं. जुन्या खडकावर ज्या शेकडो जातींनी जागा अडवलेली असते, त्या माझ्या कोरड्या खडकावर नव्हत्याच. मैदान मोकळं, स्पर्धक अशक्त. आणि मी दर रविवारी पाणी बदलून नव्या मिठाबरोबर सूक्ष्म मूलद्रव्यं त्यांनाच पुरवत होते. प्रत्येक साफसफाईनंतर ते का वाढत, याचं उत्तर मला त्या सूक्ष्मदर्शकाखाली मिळालं.

उपचार त्याच संध्याकाळी सुरू केला, आणि तो माझ्या सगळ्या सवयींच्या उलट होता. लोहाचे दाणे बाहेर. पाणीबदल बंद. खाणं दिवसातून दोनदा, पोटभर. विष शोषायला ताजा सक्रिय कोळसा, दर पाच दिवसांनी बदललेला, हा गोगलगायींसाठी. नायट्रेटसाठी शुद्ध सोडियम नायट्रेट : १०० लिटरला ०.७ ग्रॅम म्हणजे ५ पीपीएम. ते लगेच टिकलं. फॉस्फेट टिकेना. संध्याकाळी ०.०५ होईल इतकं ट्रायसोडियम फॉस्फेटचं द्रावण घालावं आणि सकाळी फॉस्फेट मोजायच्या यंत्रावर पुन्हा ०.००. सलग पाच दिवस हेच. डायनोच खात आहेत असं मला वाटलं. काकांनी समजावलं की नवा ॲरागोनाइट स्वतःच फॉस्फेट धरून ठेवतो. खडकाची आणि वाळूची भूक भागेपर्यंत पाण्यात काही दिसणार नाही. अकराव्या दिवशी सकाळी यंत्राने ०.०६ दाखवलं. त्या आकड्याखाली वहीत दोन रेघा आहेत.

रात्री धागे कुठे जातात, याचं उत्तरही आता उपयोगी पडलं. ऑस्ट्रिऑप्सिस अंधारात खडक सोडून पाण्यात तरंगतं. म्हणूनच त्यावर यूव्ही, म्हणजे जवळून वाहणाऱ्या पाण्यातल्या पेशी अतिनील किरणांनी मारणारा दिवा, चालतो. वाळूतच राहणाऱ्या ॲम्फिडिनियमसारख्या जातींवर तो फारसा चालत नाही, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाशिवाय यूव्ही विकत घेणं म्हणजे अंधारात पैसे टाकणं. मी ९ वॅटचा यूव्ही लावला, पाणी थेट टाकीतून घेऊन थेट टाकीत सोडणारा, प्रवाह मंद. मग तीन दिवस दिवे बंद, टाकीभोवती पुठ्ठे, स्किमर आणि वेव्हमेकर (पाणी हलतं ठेवणारा पंप) चालू. माशांना अंधारात ऑक्सिजन कमी पडू नये म्हणून जास्तीचा एअर पंपही. चौथ्या दिवशी पुठ्ठे काढले तेव्हा खडक रिकामे होते. वाळूवर अजून डाग होते.

याच सुमारास काकांकडून विरजण आणलं. दुसरा शब्द मला सुचत नाही. त्यांच्या जुन्या टाकीतली एक वाटी वाळू, मागच्या कप्प्यातले चार सिरॅमिकचे तुकडे आणि त्यांनी बरणीत वाढवलेले कोपेपॉड, म्हणजे ठिपक्याएवढे कवचधारी जीव. "ताई, पाणी नको, तळ घेऊन जा," ते म्हणाले, "जीव तळात असतो." डब्यात ओलं ठेवून मुलुंडहून रिक्षाने वीस मिनिटांत आणलं आणि खडकांच्या फटींत ठेवलं. त्यात कुठल्या जाती आल्या हे मोजण्याचं साधन माझ्याकडे नाही. पण तीन आठवड्यांनी रात्री टॉर्च मारला तेव्हा काचेवर पांढरे ठिपके धावत होते.

मे महिना वेगळीच परीक्षा. हॉलमध्ये ३३, पाणी ३०.५. चिलर घेण्याची ऐपत तेव्हा नव्हती, म्हणून पाण्यावर तिरपे दोन छोटे पंखे लावले. पाणी दोन अंश उतरलं, पण रोज अडीच लिटर उडून जाऊ लागलं. उडतं ते गोडं पाणी, मीठ मागे राहतं. एवढ्या टाकीत अडीच लिटर भरून काढलं नाही तर एका दिवसात खारटपणा ३५ वरून जवळजवळ ३६ वर जातो. मी नोकरी करते, दिवसातून चार वेळा मग ओतायला घरी नसते. फ्लोट लावलेला छोटा पंप आणि वीस लिटरचा कॅन, एवढ्यावर ते भागलं. पाणीबदल बंद असल्यामुळे अल्कलिनिटी हळूहळू ७.४ पर्यंत घसरली होती. त्याला खायचा सोडा पुरला. १०० लिटरला ३ ग्रॅमने साधारण एक अंश चढतो. पाण्यात विरघळवून, स्किमरजवळ, थेंब थेंब.

२० मेला काचेवर हिरवा थर आला. साधा, बोटाने पुसला जाणारा. टाकी लागल्यापासून पहिल्यांदाच. मी तो दोन दिवस पुसला नाही, नुसता पाहत होते. दोन उरलेल्या गोगलगायी त्यावर रांगोळीसारख्या रेघा काढत फिरत होत्या.

मग मी घाई केली. जूनच्या पहिल्या आठवड्यात हिरव्या थराबरोबर खडकावर केसाळ शैवालही आलं, आणि ते पाहून जुनी भीती जागी झाली. लोहाचे दाणे पुन्हा लावले, "थोडेच दिवस" म्हणून. पाच दिवसांत फॉस्फेट ०.०८ वरून ०.०१ वर आलं आणि सहाव्या दिवशी दुपारी वाळूवर ओळखीचा तपकिरी डाग होता, बुडबुड्यासकट. नणंदेकडे जायची गरज नव्हती, तरी गेले. तेच फिरणारे तीळ. दाणे काढले, खाणं वाढवलं, यूव्ही पुन्हा सुरू केला. या वेळी दहा दिवसांत आटोक्यात आलं, कारण या वेळी खडक रिकामा नव्हता. केसाळ शैवाल मी हाताने उपटत राहिले. जुलै अखेरीस ते गोगलगायींनी संपवलं. चार नव्या गोगलगायी तोवर आल्या होत्या.

आता नायट्रेट ८ च्या आसपास, फॉस्फेट ०.०५ ते ०.१० च्या दरम्यान ठेवते. मासे दोनाचे तीन झाले, एक गोबी आली, त्यामुळे नायट्रेट वेगळं घालावं लागत नाही. पाणीबदल महिन्यातून एकदा १० टक्के. लेदर तळहाताएवढं झालं आहे. अधूनमधून आठवडाभर मिटून वरची मेणचट कात टाकतं आणि पुन्हा फुलतं. झोअँथसचा वाचलेला तुकडा शेजारच्या खडकावर चढला. काच तीन दिवसांनी हिरवी होते आणि मी ती पुसते. मागची काच पुसतच नाही, ती गोगलगायींची.

मागच्या महिन्यात डोंबिवलीचा एक मुलगा आला होता. नवी टाकी, कोरडा खडक, चाळीस दिवस झालेले. "काकू, तुमच्याकडून एक वाटी वाळू मिळेल का," असं मला विचारत होता. द्यायला काढलीच होती, पण आधी त्यातला थेंब काचपट्टीवर घेतला. एव्हाना माझ्याकडे शाळकरी मुलांचा सूक्ष्मदर्शक आहे. गोल किडे होते, डायटम होते, कोपेपॉडची पिल्लं होती. आणि एका कोपऱ्यात दोन पेशी, टोक टेकून सावकाश फिरणाऱ्या. मी ती वाळू टाकीत परत टाकली आणि त्याला मुलुंडच्या काकांचा पत्ता दिला. "त्यांच्याकडून आणलेली वाळूही आधी बघून घे," म्हटलं, "आणि फॉस्फेट शून्य आलं की आनंदून मला फोन करू नकोस, लगेच माशांना खायला घाल."